निळा एप्रन, क्रमांक एक

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी 'हजर' सुरू केलं. मी बटण दाबलं तेव्हा बायको चहाचा कप घेऊन मागे उभी होती. म्हणाली, "झालं? मग आता भाजी आणून देता का?" एवढाच समारंभ.

नोंद राहावी म्हणून लिहितो. गवंडी, नळवाले, रंगारी, धुणीभांडी करणाऱ्या, आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या, अशा सुट्ट्या कामाच्या माणसांसाठी ही साइट आहे. काम हवं असेल त्याने नाव नोंदवायचं, माणूस हवं असेल त्याने शोधायचं, आणि माणूस दारात आलं की 'हजर' हे हिरवं बटण दाबायचं. सगळी साइट मी एकट्याने बांधली. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. कॉम्प्युटर चाळिशीनंतर पुस्तकं वाचून शिकलो. पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो, आणि स्टोअरमध्ये माझा एकच नियम होता: एक वस्तू, एक क्रमांक, एक जागा. कारखाना बंद पडला त्या दिवशीसुद्धा माझ्याकडचा एक वॉशर इकडचा तिकडे नव्हता. इथेही तेच. एक माणूस, एक फोन, एक क्रमांक. घोटाळ्याला जागाच ठेवलेली नाही.

पहिला क्रमांक अर्थातच आमच्याकडे येणाऱ्या बाईला दिला. बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून सकाळच्या वेळेला तीच त्यांचं सगळं करते. नोंदणी बायकोने केली, फोटोही तिनेच लावला. मधेच ती विचारायला आली, "अहो, एकाच फोनवर जर..." मी हात वर केला. काम चालू असताना मधे बोललेलं मला चालत नाही, हे तिला लग्नापासून माहीत आहे.

संध्याकाळी ताईचा फोन. मोठी बहीण आहे, ऐकून घ्यावं लागतं. "डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना? तोंडाने नीट खायला लागले तर घरी. नाहीतर नळी. आणि नळी लागली तर तुझ्या घरी नाही, सांगून ठेवते. आमच्या इथल्या शुश्रूषा केंद्रात जागा होतेय. तेवीसला रविवार आहे. मी कागद घेऊनच येते."

म्हटलं, "बाबा या घरातून कुठेही जाणार नाहीत."

"तू एक चमचा तरी भरवलायस का त्यांना?"

मी भरवायला गेलो की बाबा दात आवळतात. बायकोच्या हातचं अर्धं खातात, अर्धं थुंकतात. बाईच्या हातचं मात्र मुकाट्याने खातात. बाई आहे तोवर मला ताईच्या कागदांची भीती नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

नोंदणी: शून्य. म्हणजे बाई धरून एक.

आमच्या नळवाल्याला धरून आणलं. त्याला आमच्या गल्लीत सगळे 'उद्या' म्हणतात, कारण फोन केला की तो एवढंच बोलतो. त्याला खुर्चीत बसवून फॉर्म भरायला लावला. फॉर्म मी फार विचार करून केलेला आहे. अनुभव किती वर्षे, किती महिने, कोणती हत्यारे स्वतःची, कोणती मागून आणलेली, चपला बाहेर काढता का, काम संपल्यावर केर काढता का.

"साहेब, हे माझ्या लग्नाच्या वेळी पण विचारलं नव्हतं."

"पुढचं वाच."

"'आपण दिलेल्या वेळेवर पोहोचता का? होय, नाही.' साहेब, याला नाही कोण म्हणेल?"

"खरं असेल ते लिहायचं."

त्याने बराच विचार केला आणि 'नाही'वर टिचकी मारली. साइटने त्याचा अर्ज तिथल्या तिथे नाकारला. मीच तसं ठरवलेलं होतं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो प्रश्न काढून टाकावा लागला. चांगला प्रश्न होता.

बाई दारातूनच मास्क लावून येते, पण आज मला जरा उंच वाटली. नेहमी येते ती माझ्या खांद्याला लागते, आज कानाला लागत होती. चपलांना टाच असावी. बोललीही नाही फारशी. एरवी आत गेल्या गेल्या "काय बाबा, झाली का झोप?" असा दणका असतो. बाबांनी मात्र सगळा मऊ भात संपवला.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाबांच्या छातीत कफ झाल्यापासून खोलीत जाणाऱ्याने मास्क लावायचा असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्याच्या जोडीला मी निळा एप्रन आणला. खिशावर क्रमांक एक असं स्वतः रंगवलं. दाराजवळ खिळा ठोकला, त्यावर तो टांगायचा, आल्यावर घालायचा, जाताना परत टांगायचा. बायको म्हणाली, "कैद्यासारखं दिसतंय." मी म्हणालो, शिस्त ही सुरुवातीला सगळ्यांना तुरुंगासारखीच वाटते.

बाईने लगेच घातला. आज पुन्हा बुटकी वाटली. टाचेच्या चपला मानवल्या नसतील पायाला.

साइटवर आता बरीच माणसं झाली. त्यामुळे कटकटीही. एका गृहस्थांनी जाहिरात टाकली आहे: 'एक माणूस पाहिजे. सर्व कामे.' मी कळवलं, कामाचा प्रकार लिहा. त्यांनी दुरुस्त करून लिहिलं, 'एक चांगला माणूस पाहिजे. सर्व कामे.' दुसऱ्या एका बाईंनी 'उद्या'ला पाचपैकी एक तारा दिला. कारण: नळ उत्तम बसवला, पण शिट्टी वाजवतो. आता शिट्टीसाठी वेगळा रकाना करू का काय?

रंगाऱ्याने फोटोच्या जागी स्वतःच्या बैलाचा फोटो लावला आहे. विचारलं तर म्हणतो, माझा चांगला येत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाईच्या उजव्या हाताला काहीतरी झालेलं दिसतं. आज सगळं डाव्या हाताने करत होती. चमचा डाव्या, रुमाल डाव्या. विचारणार होतो, पण कोणाच्या दुखण्यात आपण नाक खुपसू नये. दुखत असून काम सोडलं नाही, हे मला आवडलं.

आणि गंमत म्हणजे तिची तबीयत खुललेली होती. बाबांशी चेष्टा चालली होती. "तोंड उघडा, नाहीतर मीच खाऊन टाकते हं. बघा, गेला, गेला!" आतून घशात अडकल्यासारखा आवाज आला म्हणून मी धावत गेलो, तर बाबा हसत होते. झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मला बघून थांबले.

बायकोला म्हटलं, माणसाचा हात दुखत असला की स्वभाव सुधारतो की काय? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतोय.

"अहो, तुम्हाला खरंच..." असं म्हणाली आणि पुढचं बोललीच नाही. बायकांना अर्धी वाक्यं बोलायची सवय का असते, देव जाणे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हात बरा झाला. चमचा पुन्हा उजव्या हातात.

क्रमांक एकला साइटवरून आणखी दोन कामं मिळाली. एक तान्ह्या बाळाचं, कापडाच्या दुकानदाराच्या घरी. दुसरं एका म्हाताऱ्या जोडप्याचं, मोठ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. दोघांनीही पाच तारे दिले. सबंध साइटवर इतकं स्वच्छ कार्ड दुसऱ्या कोणाचं नाही. बाईला सांगितलं, "साइटचं नाव राखलंत." ती मास्कमधून म्हणाली, "सगळ्यांना सांगते." कोणाला सांगणार ते विचारायचं राहिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डोकं फिरायची वेळ आली आहे.

सकाळी बाई आल्यावर मी हिरवं बटण दाबलं. साइटवर लाल पट्टी: 'हा कामगार या क्षणी अन्य ठिकाणी हजर आहे.' मी पान बंद करून पुन्हा उघडलं. आता दोन लाल पट्ट्या. दुकानदाराच्या घरी हजर. म्हाताऱ्या जोडप्याकडे हजर. आणि आमच्याकडे तर हजर होतीच, बाबांच्या खोलीतला तिचा आवाज मी ऐकत होतो.

दिवसभर प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. घड्याळाचा हिशेब तपासला. क्रमांक कुठे दुसऱ्याला चिकटलाय का ते पाहिलं. जेवायला उठलो नाही. बायकोने ताट आणून ठेवलं, उचलून नेलं.

"काय शोधताय एवढं?"

"एक बाई तीन घरी एकाच वेळी दिसतेय. चूक सापडत नाहीये."

"चूक नसेलच तर?"

"मग काय बाईला पंख फुटलेत?"

ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "जरा इकडे बघाल का माझ्याकडे? मला काहीतरी सांगायचंय." मी म्हणालो, आत्ता नको. आत्ता खरोखरच नको होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रोग्राममध्ये चूक नाही. हे मी आता छातीवर हात ठेवून सांगतो.

म्हणून दोन्ही घरी फोन केला. दुकानदाराची बायको म्हणाली, "अहो, समोरच आहे की, बाळाला तेल लावतेय." म्हाताऱ्या गृहस्थांना कमी ऐकू येतं, पण त्यांचंही म्हणणं तेच, बाई आमच्या सौ.ची वेणी घालतेय. आणि त्याच क्षणी आमची बाई आत बाबांची कूस बदलत होती. डोळ्यांनी पाहिलं. निळा एप्रन, क्रमांक एक.

याचा अर्थ एकच. आमच्या बाईचं नाव आणि तारे वापरून कोणीतरी दोन बाया लोकांच्या घरात शिरल्या आहेत. तोतया! तान्ह्या बाळाजवळ, म्हाताऱ्या माणसांजवळ. माझ्या साइटवरून.

रक्त खवळलं. या बाईने दुखऱ्या हाताने कामं करून नाव कमवायचं आणि भलत्यांनी त्यावर पोळी भाजून घ्यायची? ताबडतोब क्रमांक एक बंद केला. पहिल्या पानावर ठळक सूचना लावली: 'क्रमांक एकच्या नावाने तोतया बाया फिरत आहेत. घरात घेऊ नये. सामान तपासावे.' दोन्ही घरांना फोन करून बजावलं.

बायको बाजारात गेली होती. आल्यावर सांगेन म्हणतो. तिलाही बरं वाटेल, तिचा बाईवर फार जीव आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाई आली नाही.

काल संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. आधी वाटलं कौतुकाने. मग ती जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "तीन आहेत हो त्या. तीन जावा. थोरली, मधली, धाकटी. पहिल्या दिवसापासून तिघी येतात."

"कुठे?"

"आपल्याकडे! तुमच्या नाकासमोरून!"

तिने सांगितलं ते इथे जसंच्या तसं लिहितो. एका घरात तीन जावा आणि एक फोन. फोन स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो, जी घरी असेल ती उचलते. एक काम धरलं की तिघींनी मिळून धरलं. हिचं मूल आजारी, ती गेली. तिच्या पायाला सूज, ही गेली. कित्येक वर्षांत त्यांचा एकही खाडा नाही, म्हणून तर लोक त्यांना सोडत नाहीत. दुकानदारीण आणि ते म्हातारे जोडपं नवे, त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं. बाकी सगळ्यांना माहीत असतं.

"सगळ्यांना म्हणजे?"

"मला. शेजारणीला. डॉक्टरांना. बाबांना."

"बाबांना!"

"धाकटी आली की ते हसतात ते काय उगाच?"

मी म्हणालो, मग तिघींची तीन नावं का नाही नोंदवली? तर ती उसळली. "नोंदवायलाच बसले होते! तुमच्या साइटने हाकललं. 'हा फोन आधीच नोंदलेला आहे.' तुम्हाला विचारायला आले तर तुम्ही हात वर केलात. काल सांगायला आले तर आत्ता नको. आता ऐका निवांत. बाजारात कळलं, आज त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीच्या वॉचमनने धाकटीची पिशवी सगळ्यांसमोर रस्त्यावर उपडी केली."

मनात आलं ते इथे लिहायला हरकत नाही: मी एवढा बारकाईने बघणारा माणूस. उंची पाहिली, हात पाहिला, आवाज पाहिला. एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. मग माझी चूक ती काय?

बाबांनी आज सकाळी तोंड उघडलं नाही. दुपारीही नाही. बायकोने खूप विनवण्या केल्या. ते दाराकडे बघत होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बायकोने फोन केला. त्यांनी तिचं ऐकून घेतलं. "वहिनी, तुमच्यावर राग नाही," म्हणाल्या, आणि ठेवून दिला.

डॉक्टर येऊन गेले. बाबांना बळेबळे थोडं पाणी जातंय, बाकी काही नाही. असंच राहिलं तर सोमवारी नळी, म्हणाले. ताईला मी काही कळवलेलं नाही, पण तिला कोणीतरी सांगितलं. फोनवर ओरडली नाही. "मी रविवारी येतेय रे," एवढंच हळू आवाजात बोलली. ताई ओरडत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

'उद्या' आला होता. गळता नळ बघायला मंगळवारी बोलावलेला. त्याच्याकडे मन मोकळं केलं, की बघ, सरळ नियम होता, एक माणूस एक नाव, तो पाळायला काय होतं लोकांना?

तो पाना फिरवत म्हणाला, "साहेब, ते मला पाच तारे मिळालेत ना, टाकीच्या कामाचे?"

"हो. उत्तम काम केलंस."

"मी गेलोच नव्हतो. मेव्हणा गेला होता."

मी त्याचं कार्ड उघडून तारे पुन्हा मोजले.

"माझी कंबर धरली होती. मग काय गिऱ्हाइकाला उद्या सांगायचं?"

"तू रोज तेच सांगतोस!"

"ते वेगळं. ती टाकी फुटली होती."

जाता जाता म्हणाला की बऱ्याच जणांनी साइटवरून नावं काढून घेतलीत. हा माणूस आपल्याला तोतया म्हणतो, अशी हवा झालीय. "मी नाही काढलं," म्हणाला. "मला काढता येत नाही."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी त्यांच्या घरी गेलो. बायको म्हणाली, मी येऊ का? मी नको म्हणालो. नंतर वाटलं, यायला हवी होती.

बाजाराच्या मागच्या गल्लीत खोली. दारात एक बुटकी बाई कपडे पिळत होती. मास्क नसलेला तो चेहरा मी फोटोत पाहिला होता, तरी ओळखायला वेळ लागला. थोरली.

"कोणाला शोधताय दादा?"

"तुम्हालाच."

"आम्हाला म्हणजे नेमकं कोणाला? आम्ही तोतया. आता खरी कोणती ते तुम्हीच सांगा."

आतून दोघी बाहेर आल्या. उंच ती मधली, काही बोलली नाही, दाराला टेकून उभी राहिली. धाकटीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. बाबांना हसवणारी हीच, असं मला कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

मी घरून माफीचा मजकूर छापून नेला होता. पहिल्या पानावर तीन दिवस ठेवणार, असंही खाली लिहिलं होतं. थोरलीने कागद हातात घेतला नाही.

"लिहून नको. तुमचं लिहिलेलं बघितलं आम्ही. तोंडाने सांगा."

"चुकलो. माफ करा."

"मला कशाला? मला कोणी हाकललं नाही. मधलीला दुकानदारिणीने दारातून परत पाठवलं. हिची पिशवी उपडी झाली. जिथे झालं तिथे येऊन सांगा."

"सगळ्यांसमोर?"

"सूचना काय एकट्याला दाखवली होती?"

गेलो. मी पुढे, मागे तिघी. माझ्या वयाच्या माणसाला असं चालायला लागू नये. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, मी 'हजर'वाला, या बाईबद्दल मी चुकीचं सांगितलं. दुकानदारीण म्हणाली, "मग आधी विचारायचं ना हो? दोन दिवस बाळ माझ्या उरावर आहे!" आणि मधलीला हात धरून आत ओढलं. बाळ तिच्याकडे झेपावलं.

मला वाटलं, दुसरीकडेही असंच होईल.

इमारतीच्या फाटकात वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, मला कशाला सांगता, मी हुकमाचा ताबेदार. येणारीजाणारी माणसं थांबून बघत होती. मी मोठ्याने पुन्हा सांगितलं. मग चौथ्या मजल्यावर गेलो. दार एका अनोळखी बाईने उघडलं, कमरेला पदर खोचलेला. मागून म्हातारे गृहस्थ आले. "कोण? हां, तुम्ही! बरं झालं वेळेवर सावध केलंत. आम्ही लगेच दुसरी ठेवली." मी समजावून सांगितलं, दोनदा. त्यांना ऐकू आलं. धाकटीकडे बघून त्यांना वाईट वाटलं, तेही दिसलं. पण आता या दुसरीला कसं काढणार?

आतून म्हाताऱ्या आजींचा आवाज आला, "ती आली का गं? माझी वेणी राहिलीय." धाकटी वळून जिना उतरायला लागली.

जिन्यात तिला गाठून म्हणालो, "मी दुसरं काम मिळवून देतो. साइटवर..."

"दादा, साइटवर मी बंद आहे."

"आज उघडतो."

"कोणाच्या नावाने?"

माझ्याच नियमाप्रमाणे त्या फोनवर एकच नाव बसत होतं, आणि ते थोरलीचं.

खाली आल्यावर थोरलीला विचारलं, "बाबांकडे याल का? रविवारी ताई येतेय. ते खात नाहीत. ती त्यांना घेऊन जाईल."

"बघू," म्हणाली. नुसतं "बघू". हो नाही, नाही नाही. असं अर्धवट उत्तर मी स्टोअरमध्ये कधी चालवून घेतलं नसतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर साइट उसवत बसलो. एका फोनवर आता कितीही नावं नोंदवता येतात. माणसाच्या कार्डावर 'बदली कोण' असा रकाना घातला. कोण आलं ते गिऱ्हाइकाने बघून नोंदवायचं. एक वस्तू, एक क्रमांक, एक जागा हा नियम मी स्वतःच्या हाताने पुसला. एवढ्या वर्षांत केलेलं सगळ्यात गचाळ काम आहे, आणि चालतंय व्यवस्थित. याचाच जास्त संताप येतो.

बायकोने तिघींची नावं टाकून पाहिली. साइटने घेतली. तिने आपला हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी म्हणालो, काम चालू आहे. तिने काढला नाही.

बाई आली नाही. कोणतीच.

२३ फेब्रुवारी, रविवार

ताई सकाळीच आली, कागदांची पिशवी घेऊन. बाबांना बघितलं आणि तिचा चेहरा पडला. चार दिवसांत गालफडं बसलीत. ती बाबांच्या उशाशी बसून त्यांचे केस सारखे करत राहिली.

"बाबा, आमच्या इथल्या केंद्रात येता ना? बाग आहे तिथे. मी रोज येईन."

बाबा दाराकडे बघत होते. मी वाटी घेतली. मऊ भात, अगदी पातळ केलेला. चमचा ओठांना लावला. त्यांनी दात आवळले. "बाबा, एक घास. माझ्यासाठी." भात हनुवटीवरून ओघळला. ताईने पुसला आणि पिशवीतून कागद काढले. "सही कर रे. मलाही हौस नाहीये."

पेन माझ्या हातात होतं, तेवढ्यात बाहेरचं फाटक वाजलं. चपला काढल्याचा आवाज. बायको कोणाशी तरी बोलली. मग मास्क लावलेली बाई आत आली. एप्रन घातलेला नव्हता, खिळ्यालाच होता. मी काही म्हणालो नाही.

ती स्टुलावर बसली, माझ्या हातातली वाटी घेतली, भात ढवळला, चमचा पुढे केला. बाबांनी तोंड उघडलं. गिळलं. पुन्हा उघडलं. ताईच्या हातातले कागद मांडीवर आले.

"ही कोण?" तिने हळूच मला विचारलं.

या वेळी मी तयार होतो. चमचा उजव्या हातात, म्हणजे धाकटी नव्हे. राहिल्या दोघी. बसलेली असल्याने उंची कळत नव्हती, पण एवढ्या प्रकारानंतर पहिल्या दिवशी मानाने थोरलीच येणार, हे उघड होतं. मी ताईला नीट ऐकू जाईल असं म्हणालो, "या तीन जावा आहेत. आळीपाळीने येतात. ही थोरली."

खाटेवरून आवाज आला. जाड, ओढल्यासारखा, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

"मधली."

चमचा हवेतच थांबला. ताईने तोंडावर हात ठेवला. बायको दारातून धावत आत आली. झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून 'अं' आणि 'ऊं' याखेरीज काही आलं नव्हतं. आम्हा कोणाचंही नाव नाही. पाणी नाही, नको नाही.

"बाबा? काय म्हणालात बाबा?" ताई रडत होती. "परत म्हणा ना."

बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते, लहानपणी माझं गणित चुकलं की बघायचे तसे. मग त्यांनी मला पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.